मिलाडाचा कौल

भाच्याच्या वाइनच्या तळघराकडे जाताना चढावरही मिलाडा सायकलवरून उतरली नाही. उतरली असती, तर माघारीच फिरली असती. चेक देशातल्या मोराव्हिया भागातल्या गावांत कोणाची वाइन चांगली, हे तीस वर्षं तीच ठरवायची. हिवाळ्यातल्या तापानंतर तिला वास येणंच बंद झालंय, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. चाखायच्या खोलीत भाच्याने, राडिमने, आपली पहिली वाइन पेल्यात ओतली. “मावशी, उद्या स्पर्धेला पाठवायचीय. खरं सांग, तोंडदेखलं नको.” तिने पेला हुंगला. नुसता गारवा जाणवला. ‘छान’ म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. “मला वास येत नाही रे, फेब्रुवारीपासून.” थट्टा वाटून तो हसला. ती हसली नाही. पेला त्याने स्वतःच्या नाकाशी नेला. “जर्दाळू. आणि मागे जळक्या आगकाडीचा वास. नाही पाठवत, मावशी. अजून मुरू दे.” “मग पुढचं पिंप उघड,” ती म्हणाली. “तू हुंग, मी ऐकते.”