क्लचबाईची गाडी

गाडी चालू होऊ नये, असं शिंप्याला अगदी मनापासून वाटत होतं. तोंडानं मात्र तो म्हणत होता, "होईल, होईल, आज नक्की होईल."

त्याची बायको शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. काठी मांडीवर, डावा हात शालीखाली. उजव्या हाताचं बोट मात्र मिस्त्रीच्या मागे मागे फिरत होतं. "प्लग नीट पूस. घाई नको. अरे, आधी ती जाळी काढ!" एअर फिल्टरमधून उंदराचं अख्खं घरटं निघालं, आणि त्यात शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या. "बघा, तुमचा माल," ती म्हणाली आणि हसली. हसताना तोंड एकाच बाजूनं हललं. शिंप्यानं मान फिरवली.

आजारपणाआधी तिचा गाडी शिकवायचा धंदा होता. निम्मं शहर तिच्या हाताखालून गेलेलं. सगळे तिला क्लचबाई म्हणत, कारण तिच्या ओरडण्यात दुसरा शब्दच नसे. शिकवायची गाडी वेगळी. ही मात्र वडिलांच्या वेळची, पितळी मुठींची, तिची स्वतःची. हिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. मिस्त्रीही तिच्याकडेच शिकलेला. शिकवलं नाही ते फक्त नवऱ्याला. घरच्या माणसाला गाडी शिकवायची नाही, हा तिचा नियम होता. शिकवणारा ओरडतो, शिकणारा रुसतो आणि रात्रीचं जेवण दोघांनाही गोड लागत नाही. शिंप्याच्या ते पथ्यावरच पडलं. एक नंबरचा भित्रा माणूस. जन्मभर तो शेजारच्या सीटवर पाय आखडून बसला.

झटका आला तो भर दुपारी. घरात दोघंच. फोन करून करून शिंपी रडकुंडीला आला, पण अँब्युलन्स 'निघालीच आहे' म्हणत काही येईना. शेवटी तीच उठली, भिंत धरत शेडमध्ये गेली आणि स्टिअरिंगवर बसली. डावा हात नुसता लोंबत होता. "क्लच मी दाबते. मी सांगितलं की गिअर तुम्ही टाका," ती म्हणाली. शब्द जड येत होते. ती सांगेल तसे शिंप्यानं गिअर टाकले. निम्म्या वाटेत तिचा डावा पायही गेला. मग दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रडतखडत दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली. तिनं ब्रेक दाबला आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. पुढे ती गाडी चार माणसांनी ढकलत घरी आणली. तेव्हापासून ती शेडमध्ये धूळ खात पडली होती.

डॉक्टरांनी शिंप्याला खोलीच्या दाराशी बोलावून सांगितलं होतं, गाडी चालवणं आता विसरा. असा झटका परत येऊ शकतो, हेही सांगितलं होतं. दोन्हीतलं एक अक्षरही त्यानं तिला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं कापड चुकून कापलं गेलं तर तो तोंडावर कबूल करायचा. पण हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि हिनं तर बोलता यायला लागल्यापासून एकच धोशा लावलेला, गाडी दुरुस्त करा, गाडी दुरुस्त करा.

त्यानं मिस्त्रीला बॉनेटआड गाठलं. "आज नाही झाली तरी चालेल रे."

"म्हणजे?"

"एखादी वायर सैल ठेव की. म्हणावं, पार्ट मिळत नाही."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "काका, बाई समोर बसल्यात. आवाजावरून ओळखतील. मला नाही जमायचं."

मिस्त्रीनं चोक ओढला, बटण दाबलं. गाडी नुसती खोकली. शिंप्याच्या जिवात जीव आला. पुन्हा बटण, पुन्हा खोकला, काळा धूर. आणि पुढच्या खेपेला इंजिन सुरू झालं! शेडचे पत्रे थडथडायला लागले. मिस्त्रीनं टाळी वाजवली. शिंप्यानं बायकोकडे बघितलं.

ती काठी टेकत उठली. तो धावला, तर तिनं मानेनंच थांबवलं. आता ही ड्रायव्हरच्या दाराशी जाणार. पाय उचलायला बघणार आणि तो उचलला जाणार नाही. मग ती वळून माझ्याकडे बघेल, तेव्हा मी काय बोलू? देवा, हे बघायला मी इथे नको होतो, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

ती ड्रायव्हरच्या दाराशी पोचली. दार उघडलं. ते तसंच उघडं ठेवून ती बॉनेटला टेकत टेकत वळसा घालून पलीकडे गेली आणि शेजारच्या सीटवर कशीबशी बसली.

"बसा," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय मिस्त्री? जन्मभर पायानं मशीन चालवलंत, क्लच दाबायला काय धाड भरलीय?"

"अगं, या वयात... आणि तुझा तो नियम?" तो काकुळतीला आला. "काय अडलंय आपलं? जायचंय तरी कुठे?"

तिनं इंजिनाचा आवाज जरा ऐकून घेतला. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर दाराशी तुमच्याशी बोलत होते ना, ते मला आत सगळं ऐकू येत होतं. पुढच्या वेळी मला मागच्या सीटवर पडून जायचंय."