शनिवारची आरती

या, असे जवळ येऊन बसा. मागची मंडळीही सरका पुढे, जागा आहे. आज पुराणातलं आख्यान नाही. जर्मनीतल्या एका घराची गोष्ट सांगायची आहे. लहानच आहे, पण कान इकडे द्या.

नेकारसुल्म गावी, दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत, शोभनाताई सोफ्यावर बसल्या होत्या. समोर इंग्लंडहून आलेली डिटेक्टिव्ह मेगन प्राइस. दोघींच्या मध्ये हायडेलबर्गची दुभाषी कौमुदी. खिडकीपाशी एक जर्मन पोलीस अधिकारी, कारण परक्या पोलिसांनी तिथं एकट्यानं जबाब घ्यायचा नसतो. शोभनाताईंचे यजमान शशिकांत, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, आत चहा करत होते.

त्यांची सून ऋचा ऑगस्टच्या शेवटी, ऐन गणपतीत, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या घरात जिन्याखाली मेलेली सापडली होती. मुलगा गुरुदत्त तिकडच्या पोलिसांना म्हणाला होता, "मी शुक्रवारपासून बाहेरगावी होतो. रविवारी रात्री घरी आलो, तेव्हा ती दिसली."

"तुम्ही आई आहात," जर्मन अधिकाऱ्यानं आधीच बजावलं. "मुलाविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. नको म्हणालात तर आम्ही उठतो."

"उठताय कशाला? बसा," शोभनाताई म्हणाल्या. "लपवायचं काय आहे? रविवारी रात्री गुरूचा फोन आला. तेव्हाच कळलं."

कौमुदीनं इंग्रजी केलं. मेगननं मान हलवली. रविवारबद्दल तिनं पुन्हा विचारलं नाही. तिची नजर भिंतीवर होती. तिथं मखरातल्या गणपतीचे फोटो ओळीनं लावलेले होते.

"हे सगळं तुम्ही करता?"

"मग कोण? हे फक्त थर्माकोल कापतात. तेही वाकडं."

"मोजून कापतो," आतून आवाज आला.

"गेनाऊ, अगदी बरोबर! मोजून वाकडं."

कौमुदीला हसू आलं. मेगनही हसली. मग तिनं मोदक कसे करतात ते विचारलं. शोभनाताई खुलल्या. उकड, तांदळाची पिठी, इथला नारळ कसा कोरडा निघतो, सगळं सांगितलं. गणपती पाच दिवसांचा. पण सुट्टी पाहून शनिवारी संध्याकाळी मोठी आरती. शेजारच्या हाइलब्रॉन शहरातूनही माणसं येतात, पायऱ्यांवर चपलांचा ढीग होतो, खालची जर्मन म्हातारीसुद्धा टाळ्या वाजवायला येते.

मेगन ऐकत होती. मधे बोलत नव्हती. घाईही नव्हती.

"या वर्षीच्या शनिवारी किती जण आले?"

"या वर्षी कुठली आरती? मी दुपारीच सगळ्यांना फोन केले, येऊ नका म्हणून. माझ्या मैत्रिणीच्या, नीताच्या यजमानांनी येऊन उत्तरपूजा केली, गणपती घेऊन गेले."

"का?"

शोभनाताईंचा हात पदरावर थांबला. कौमुदीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. तिला कळलं होतं. पण बोललेलं तेवढंच पलीकडे पोचवायचं, हे तिचं काम.

शशिकांत ट्रे घेऊन दारात उभे होते.

"अगं, तुला ताप होता ना त्या दिवशी?" ते हळूच म्हणाले. "चांगला एकशे दोनच्या वर. विसरलीस?"

कौमुदीनं त्याचंही इंग्रजी केलं.

चहावर साय धरली.

"ताप नव्हता हो," शोभनाताई म्हणाल्या. "सुतक होतं."

मेगननं कौमुदीकडे पाहिलं.

"काकू, म्हणजे काय ते तुम्हीच सांगा," कौमुदी म्हणाली.

"घरातलं माणूस गेलं असं कळलं, की देवाला हात लावायचा नाही. कळल्या क्षणापासून."

खिडकीजवळचा अधिकारी पुढे झाला. "तुम्ही अजूनही थांबू शकता. तो हक्क तुम्हाला आहे."

"सांगितलंत मघाशी." शोभनाताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गुरूचा फोन शनिवारी आला. मी खोबरं खवत होते. म्हणाला, आई, ऋचा गेली. मी विचारलं, कशानं? तर म्हणाला, आत्ता काही विचारू नकोस, आणि कुणाला सांगू नकोस. मी विळी ठेवली, आंघोळ केली आणि नीताला फोन लावला."

"शोभा!" शशिकांतांनी ट्रे टेबलावर टेकवला. कप खणखणले. "ताप म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"दहा दिवस पाळलं मी तिचं. या घरात त्या पोरीसाठी तेवढंच झालं. तिच्या आईला भेटायला गेलात तुम्ही? गुरूनं आपल्याला क्रियेला तरी बोलावलं? आता ते सुतकसुद्धा ताप होता म्हणून सांगू?"

मेगननं जबाब लिहून घेतला. कौमुदीनं तो सावकाश मराठीत वाचून दाखवला. शोभनाताईंनी मधे एकदाच थांबवलं, "खोबरं लिहिलंय ना?" असं विचारलं आणि सही केली.

पोलीस उतरून गेले. कौमुदी दारात चपला घालत होती, तिच्या कानावर पडलं.

"तुझा मुलगा आहे तो," शशिकांत म्हणाले.

"अहो, म्हणून तर मला तिचं सुतक लागलं."

मंडळी, कोण चुकलं, कुणाला काय शिक्षा व्हायची, ते कोर्ट बघेल. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आज घरी गेलात की देवापुढे क्षणभर उभे राहा आणि ऋचाचं नाव घ्या. अठ्ठावीस वर्षांची होती.