आधीच आलेलं पाणी

धनराजमामांना पन्हळ बसवता येत नाही, हे सक्करदऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मामांनाच नाही. मागच्या वर्षी त्यांनी उतार उलटा दिला आणि छपराचं सगळं पाणी आमच्या स्वयंपाकघरात आलं. तरी यंदाही शिडीवर तेच!

मामा वर पन्हळीत बादली ओतणार, आणि खाली पाइपातून पाणी आलं की मी ओरडणार, एवढंच माझं महान काम.

"आलं!" मी ओरडले.

"काय आलं वं? मी अजून ओतलंच नाही."

मी वर बघितलं. बादली खरंच काठोकाठ भरलेली होती. म्हणजे जुनंच पाणी अडकलं असणार. मामांच्या कामात दुसरं काय होणार! मग त्यांनी बादली ओतली, तर खाली थेंबही आला नाही. पाणीसुद्धा यांचं ऐकत नाही.

तेवढ्यात पाइपातून एक स्क्रू घरंगळत आला. तो मी मुठीत धरला, आणि त्यानंतर वर मामा पुटपुटले, "हात् तिच्या, स्क्रू पडला पन्हळीत."

आता मला हसू येईना.

मग चष्म्याची फुटकी काच आली, आणि तिच्यामागून कोमट, लाल पाणी. मी मान वर केली. मामांचा चष्मा नाकावर अगदी धड होता.

"मामा, हलू नका! आधी खाली उतरा!"

"आता तू मले शिकवून राहिली काय?" मामा हसले, आणि दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला शिडीवरून आणखी बाहेर झुकले.