नव्या घरात काय कमी?

"सोडून दे ना," कोर्टाच्या व्हरांड्यात डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाला. "एका पोरीचा खर्च मला जड नाही."

"तुला नाही. तिला जड जाईल," ती म्हणाली. "बापानं हात झटकले, हे आज ना उद्या तिला कळणारच."

दोघांच्या लग्नाला चार महिने झाले होते. ती बस चालवायची. एकची पाळी होती, म्हणून गणवेशातच आली होती. तिच्या पहिल्या नवऱ्यानं अर्ज केला होता : हिचा नवा नवरा दातांचा डॉक्टर, बक्कळ कमावतो, तेव्हा मुलीसाठी मी देतो ती पोटगी बंद करावी.

पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली. पहिल्या नवऱ्याचा वकील पुढे आला.

"नव्या घरात मुलीला स्वतंत्र खोली आहे?"

"आहे."

"शाळा, कपडे, सहली?"

"सगळं होतं."

"म्हणजे काही कमी नाही?"

"काही नाही."

काम फत्ते झाल्यासारखं वकिलानं न्यायाधीशबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे वळला. "मग बाई, भांडण कशासाठी?"

"मी नवरा बदलला, वकीलसाहेब," ती म्हणाली. "मुलीचा बाप तोच आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्या नवऱ्याला उभं केलं.

"तुमचा पगार कमी झालाय?"

"नाही."

"नोकरी गेली? आजारपण?"

"नाही."

"मग बदललं काय?"

त्यानं डॉक्टरकडे एक नजर टाकली. "तिचं... तिचं बरं चाललंय."

"त्यांचं बरं चाललंय, ही काही तुमची अडचण नव्हे," बाई म्हणाल्या. "अर्ज नामंजूर."

बाहेर येताच तिनं डॉक्टरच्या पाठीत अशी थाप मारली, की त्याचा चष्मा नाकावर आला. दोघंही लहान मुलांसारखी हसत सुटली. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत ती निघाली.

"ऐक."

वर पहिला नवरा उभा होता. एकटाच. वकील केव्हाच पुढच्या केसला गेला होता.

"ती हल्ली... कितवीत आहे?"

तिच्या जिभेवर बरंच काही आलं. तिनं ते गिळलं.

"शनिवारी सकाळी ये. तिलाच विचार," ती म्हणाली. "बेल वाजली की दार तीच उघडते."