त्रेसष्ट नंबरचं पत्र

दोन्ही डाग शेवटी निघाले. डागबाईंनी कागद खिडकीपाशी नेला, उभा धरला, आडवा धरला. खूणसुद्धा राहिली नव्हती.

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात जुने कागद दुरुस्त करता करता त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. डागबाई हे नाव वरच्या मजल्यावरच्यांनी चेष्टेनं ठेवलेलं, पण त्यांना ते मनातून आवडायचं. या इमारतीत पुस्तकं आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका राणीची कापलेली वेणी आणि फासावर गेलेल्या एका माणसाचा चष्माही इथेच आहे, हे फार थोड्यांना माहीत होतं. त्यातलं बहुतेक काही बाईंच्या हाताखालून गेलं होतं.

पुढच्या महिन्यात अशा चिजांचं प्रदर्शन होतं, आणि त्यात मानाची जागा होती टपालाच्या एका पिशवीला. पाऊणशे वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीतून ती वर काढलेली. आत एकशे चाळीस पत्रं, एकही न फोडलेलं. वारसाची लेखी परवानगी आल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, असा नियम होता. एवढ्या वर्षांत वारस सापडला तो फक्त त्रेसष्ट नंबरच्या पत्राचा.

उघडलं तर आत एक ओळ नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र ठसठशीत, कुणा सराईत कारकुनाच्या हातचा. आतली शाई तेवढी पाण्यानं खाल्ली असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं. खालच्या कोपऱ्यात दोन तेलकट काळे डाग होते. "टपालवाल्यांचे हात, दुसरं काय," त्या पुटपुटल्या. नेहमीप्रमाणे आधी वहीत नोंद केली आणि मग कापसाचा बोळा हाती घेतला. तीन दिवस लागले.

वारस अकरा वाजता आला. काठीनं जिना चाचपत, एकेक पायरी मोजत उतरला.

"डोळ्यांनी चार वर्षांपूर्वीच रजा घेतली," म्हातारा खुर्चीत टेकत म्हणाला. "तेव्हा वाचायचं तुम्हालाच. बाप परदेशी गेला तेव्हा मी पाळण्यात होतो. आई म्हणायची, तो मेला असेल. गाव म्हणायचं, तिकडे दुसरा संसार थाटला असेल. दोघांचं ऐकत मी म्हातारा झालो."

"आणि तुम्हाला काय वाटतं, काका?"

"मला वाटून काय उपयोग? तुमच्या हातात कागद आहे."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. कोरा करकरीत. त्यांना त्या माणसाची फार दया आली. वरती साहेबांना सांगायला 'अक्षरे नष्ट' एवढं पुरलं असतं. पण इतक्या लांबून आलेल्या आंधळ्या माणसाला तेच सांगायला त्यांची जीभ वळेना. आणि खोटं बोलायला त्या काही शिकलेल्या नव्हत्या, ते असं आपोआप जमलं.

"'मी सुखरूप आहे,'" त्यांनी वाचायला घेतलं. "'इथली थंडी सोसत नाही. बाळ आता पावलं टाकत असेल. काम संपलं की पुढच्या बोटीनं निघतो. माझी वाट पाहा.'"

म्हातारा खुर्चीत पुढे झुकला.

"पुन्हा एकदा वाचता?"

बाईंनी पुन्हा वाचलं. आवाज नीट ठेवला.

"या वेळी थंडी राहिली, बाई," म्हातारा हळूच म्हणाला.

बाईंनी कागद टेबलावर ठेवला.

"राग नाही मला. पण माझ्या बापाला लिहिता येत नव्हतं."

"कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल."

"पत्ता घेतला असेल. आतलं नाही. आईला वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं पत्र परक्याच्या तोंडून ऐकायची तिला लाज वाटायची. म्हणून निघतानाच दोघांनी ठरवून ठेवलं होतं. आईनं मरताना मला सांगितलं, मी कुणाजवळ बोललो नाही." त्यानं काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. "बाप बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचा. हात कायम काळे. कागदावर एक अंगठा उमटला, तर मी सुखरूप आहे. दोन उमटले, तर तुम्ही दोघं निघून या, मी बंदरावर उभा राहतो. आणि कोराच कागद आला, तर माझी वाट पाहू नकोस."

बाईंची बोटं कागदाच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"बाकी काही नको," म्हातारा म्हणाला. "अंगठे किती आहेत, तेवढं सांगा."

बाई त्या कोऱ्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

"कोरा आहे ना?"

"काका, थांबा." बाई उठल्या, वही ओढली, पानं भराभर उलटली. घाईत एक पान फाटलं. सत्तावीस वर्षांत पहिलंच. "दोन होते. शेजारी शेजारी. मला डाग वाटले, मी ते काढले. ही बघा माझीच नोंद, मी वाचते. 'पत्र क्रमांक त्रेसष्ट. खालच्या कोपऱ्यात काळे तेलकट डाग, दोन, अंगठ्याएवढे.' तो बोलावत होता, काका. तुम्हाला दोघांना बोलावत होता."

म्हाताऱ्यानं मान डोलवली. काठी सावरत तो उठला, चाचपत बाईंचा हात शोधला आणि त्यावर मायेनं थोपटलं.

"आधीचंही छानच वाचलं होतं तुम्ही."