एकही तक्रार नाही

"आपल्या अंध विद्यार्थ्यांकडून तीन वर्षांत एकही तक्रार नाही," विद्यापीठाची वेबसाइट बनवणाऱ्या साहेबाने बैठकीत छाती फुगवून सांगितलं होतं आणि कुलगुरूंनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती. त्याच आठवड्यात पांढरी काठी टेकत एक मुलगी तीन जिने चढून त्याच्या टेबलापाशी आली.

"बोल बाळ, काही तक्रार आहे का?" त्याने मोठ्या मायेने विचारलं.

"ती वेबसाइटवर लिहून झाली, सर. फक्त 'पाठवा'चं बटण कुठे आहे ते विचारायला आले. आम्हाला माउसचा बाण दिसत नाही, सगळं कीबोर्डवरच करतो. आम्ही अकरा जण आहोत. लिहून सगळ्यांची झाली, पाठवता कुणालाच आली नाही."

"असं कसं होईल," म्हणत त्याने तक्रारीचं पान उघडलं, माउस बाजूला सारला आणि आयुष्यात पहिल्यांदाच नुसती टॅबची कळ दाबत खाली गेला. नाव, वर्ग, तक्रार. पुन्हा कळ दाबली तेव्हा 'पाठवा'चं बटण तसंच मागे राहिलं आणि कर्सर थेट पानाच्या तळाशी जाऊन थांबला. तिथे 'निर्मिती' या शब्दापुढे त्याचंच नाव होतं.

"सापडलं का, सर?" मुलीने विचारलं.