सुनिताच्या गळ्यातली वीणा

सुनितानं वीणा गळ्यातून काढली नाही.

"पोरी, बठ्ठी तयारी व्हयी गई," गिरधरमामा तिच्या कानाशी कुजबुजला. "हळद वाट देखी ऱ्हायनी. दे ती वीणा कोनाले तरी."

"घेणारं माणूस आलं की देते, मामा," सुनिता म्हणाली आणि तिनं तार छेडली. रामकृष्णहरी.

यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात हरिनामाचा सप्ताह बसला होता. सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकत नाही. एका माळकऱ्यानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं जागा सोडायची नाही, आणि त्याच्या पायावर लहानथोर सगळ्यांनी डोकं ठेवायचं. वीणेकऱ्याचं वय कुणी विचारत नाही. तेवढा वेळ तिथं माणूस नसतोच. नाम उभं असतं.

सुनिता नववीत होती. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाप रोहिदास केळीकटाईच्या टोळीत. पहाटे फैजपूरकडच्या गाडीत चढायचा, तो दिवेलागणीला सदऱ्यावर चिकाचे काळे डाग घेऊन उतरायचा. पोर दिवसभर एकटी. नरडाण्याच्या मामाचा जीव खरंच तुटला. "बिनमायनी पोर. घरमा बाई नही. कोण देखी तिले?" पोरीची राखण करायची म्हणजे तिचं लग्न लावायचं, एवढाच रस्ता त्याला ठाऊक होता. त्यानं आपल्याकडचं स्थळ आणलं, मुलगा कारखान्यात कामाला. वर युक्तीही काढली. सप्ताहाचा मंडप उभाच आहे, माणसं जमलेली आहेत, पंगत तर रोजच उठते. त्यातच अक्षता टाकल्या की बाहेर बोभाटा नाही. रोहिदास गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा मणी फिरवत ऐकत राहिला. तसा तो कमीच बोलायचा. त्याची मान जराशी हलली, आणि मामानं तोच होकार धरला.

आज सकाळी सुनिता आंघोळ करून, गळ्यातल्या माळेवर गणवेश घालून थेट मंडपात आली. दिवालीबाईचा वीणेचा पहारा संपत आला होता. पोरीनं खाली मान घालून हात पुढे केले. म्हातारीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि वीणा तिच्या गळ्यात घातली.

आता वऱ्हाड आलं होतं. देवाचा मंडप म्हटल्यावर आधी दर्शन. सगळे ओळीनं वीणेकरणीच्या पाया पडले. होणाऱ्या सासूबाई पडल्या. फेटा सावरत नवरदेवानंही कपाळ टेकवलं. त्याला दाखवलेल्या फोटोत नवरी साडी नेसलेली होती. ही दोन वेण्या घातलेली. मागे सरून त्यानं हळूच विचारलं, "नवरी कुठे आहे?"

टाळकऱ्यांचा ताल चुकला. दिवालीबाई तोंडाला पदर लावून गदगदा हलत होती.

मामा गावातल्या माळकऱ्यांकडे वळला. मुहूर्त जवळ आला होता. "भाईदासनाना, तुम्ही घ्या वीणा."

"माझी कंबर धरली, बाबा."

"ठाकऱ्याभाऊ?"

"आत्ताच दोन वाट्या खीर ओढली. मले उभं राहवत नाही."

मामानं वऱ्हाडाकडे पाहिलं. ठाकऱ्याच पुन्हा म्हणाला, "पाव्हण्यांले उभं करतो का? आधी ताट, मग टाळ."

"अक्का, मग तुम्ही?"

"सकाळीच तर उतरवली!" दिवालीबाई म्हणाली. "एका दिवसात दोन पहारे? लोक म्हणतीन, म्हातारी पुण्याला हपापली."

"मग मीच लेस!" मामानं बाह्या सरसावल्या.

"तुझ्या गळ्यात माळ कुठंय?" म्हातारीनं अडवलं. "आणि काल नाल्यावर कोंबडं कोणी भाजलं?"

मंडप खळखळून हसला. सुनिताच्याही ओठांवर हसू आलं. गावानं तिला सांभाळून घेतलं होतं. अजून थोडा वेळ. मुहूर्त एकदा सरला की सरला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून रोहिदास उठला.

हसू जागच्या जागी विरलं. सुनिताचं बोट तारेवर थांबलं. गावातले सगळे माळकरी तिनं मनात धरले होते, पण बापाच्या गळ्यातही माळ आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि बापाला नाही कसं म्हणायचं?

रोहिदास समोर आला. रीतीप्रमाणे लेकीच्या पायावर डोकं ठेवलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग तीही वाकली. डोळ्यांतलं पाणी त्याच्या धुळकट पावलांवर पडलं. त्यानं वीणा आपल्या गळ्यात घेतली. दिवालीबाईनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"देव पावना!" मामानं हात जोडले. "चाल पोरी, हळद लावू."

रोहिदासनं तार छेडून पाहिली. पाय रोवून नीट उभा राहिला.

"गिरधरभाऊ, एक सांग. बाप जिता असताना कन्यादान दुसरं कोणी करतं का?"

"छे छे! तुमनाच मान शे, दाजी."

"हां." रोहिदास लेकीकडे वळला. "सुनिते, शाळा भरली असंन. पळ." मग तो मामाकडे पाहून कधी नव्हे ते मनमोकळं हसला.

"आणि भाऊ, पाव्हण्यांले पोटभर जेवू घाल. आज मले काही जागा सोडता येत नाही."